गॅस्ट्रोचा (पोट-आतड्यांच्या आजारांचा) डॉक्टर झाल्यावरही फक्त आयबीडीसाठी अजून एक वर्ष कशाला?

आयबीडी म्हणजे मुख्यतः क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारे आजार (आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, वेगळं बरं का, त्यात अशी सूज नसते, पण लोक हमखास गल्लत करतात). अमेरिकेत डॉक्टर झाल्यावर 3 वर्षं इंटर्नल मेडिसिन, मग 3 वर्षं गॅस्ट्रो, आणि एवढं करूनही काही जण साधारण वर्षभराची ॲडव्हान्स्ड आयबीडी फेलोशिप, म्हणजे फक्त याच आजारांचं जादा प्रशिक्षण, करतात. मला विचाराल तर ते वर्ष अजिबात वाया जात नाही.

1998 मध्ये क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब हे बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेलं) औषध आलं, त्याआधी हातात स्टिरॉइड्स आणि मोजकीच औषधं होती. आता वेडोलिझुमॅब आहे, उस्टेकिनुमॅब आहे, जॅक इनहिबिटरच्या (पेशींमधले सूज आणणारे संदेश अडवणाऱ्या) गोळ्या आहेत, त्यामुळे कोणाला कुठलं आधी द्यायचं आणि कधी बदलायचं हीच खरी डोकेदुखी झालीये.

समजा इन्फ्लिक्सिमॅबवर छान असलेल्या पेशंटला परत जुलाब सुरू झाले. लगेच औषध बदललं तर एक चांगला पर्याय हातचा जातो. म्हणून आधी इन्फेक्शन नाही ना ते बघायचं, मग शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट किंवा स्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) करून सूज खरंच आहे का ते बघायचं, कारण कधी कधी सूज नसतेच आणि त्रास आयबीएससारखा असतो. सूज असेल तर रक्तातली औषधाची लेव्हल बघायची, ती कमी आहे आणि शरीराने औषधाविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडीज नाहीत तर डोस वाढवायचा, अँटिबॉडीज भरपूर असतील तर औषध बदलायचं, आणि लेव्हल चांगली असूनही सूज आहे म्हणजे वेगळ्या पद्धतीने काम करणारं औषध हवं. हे वाचायला सोपं वाटतं, पण समोर रोज वेगळा माणूस असतो, त्यामुळे अनुभवी डॉक्टरच्या शेजारी बसून शेकडो केस बघितल्याशिवाय ते अंगवळणी पडत नाही.

बऱ्याच सेंटरमध्ये आतड्याची सोनोग्राफीही शिकवतात. पोटावर प्रोब ठेवून आतड्याच्या भिंतीची जाडी मोजायची, 3 मिलिमीटरच्या वर गेली की सुजेचा संशय, ना बेशुद्धी ना पोट साफ करायचं औषध.

शिवाय सर्जनसोबतच्या मीटिंगा असतात, आतडं अरुंद झालंय तर फुग्याने रुंद करायचं की ऑपरेशन हे तिथे ठरतं. आणि गरोदर पेशंट! घाबरून औषधं स्वतःच बंद करणाऱ्या कितीतरी जणी असतात, पण उफाळलेला आजारच बाळाला जास्त धोक्याचा, बहुतेक बायोलॉजिक्स चालू ठेवतात, मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध मात्र दिवस राहण्याच्या काही महिने आधीच थांबवावं लागतं, आणि हे तिला वेळेत सांगणं डॉक्टरचंच काम आहे.