हादझा लोकांची झोप आणि सगळ्यांनी मिळून पोरं वाढवणं

उत्तर टांझानियातल्या एयासी सरोवराच्या आसपास राहणारे हादझा हे शिकार करून, कंद खणून आणि मध काढून जगणाऱ्या जगातल्या मोजक्या लोकांपैकी एक. एकूण संख्या हजार-तेराशेच्या घरात, त्यातले दोन-तीनशेच जवळपास पूर्णपणे जुन्या पद्धतीने राहतात, बाकीचे थोडं इकडे थोडं तिकडे. भाषेचं नाव हादझाने, बोलताना जिभेने टकटक आवाज काढावे लागतात, आणि आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं लागत नाही. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे पण या नोंदीत फक्त दोन गोष्टी, ते झोपतात कसे आणि पोरं सांभाळतात कशी. आपल्याकडे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, झोपेचा डॉक्टर वेगळा आणि मुलांचा वेगळा. हादझांच्या तळावर मात्र त्या एकातच येतात, कारण रात्री कुणीतरी जागं असतं आणि दिवसा कुणाचे तरी हात मोकळे असतात.

तळ म्हणजे साधारण वीस-तीस माणसं. फांद्या वाकवून त्यावर गवत टाकलं की खोपी तयार, हे काम बायकांचं, आणि दोन-तीन तासांत उरकतं. पाऊस नसेल तर बरेच जण बाहेरच शेकोटीशेजारी आडवे होतात. खाली कातडं नाहीतर एखादं कापड, गादी-उशी काही नाही. खोपीला दार नाही, त्यामुळे कोण कुशीवर वळलं, कोण खोकलं, कुणाचं पोर रडलं हे सगळ्यांना ऐकू येतं. नवरा-बायको आणि लहान मुलं एकत्रच झोपतात, तान्हं आईला चिकटून, आणि बाळासाठी वेगळी खोली ही कल्पना तिथे समजावून सांगायची म्हटली तरी अवघड जाईल.

अठरा मिनिटं

हादझांची झोप जगभर गाजली ती २०१७ मध्ये. डेव्हिड सॅमसन, अलिसा क्रिटेंडेन, इब्राहिम माबुला, चार्ल्स नन वगैरे संशोधकांनी तळावरच्या ३३ मोठ्या माणसांच्या मनगटाला घड्याळासारखं एक छोटं यंत्र बांधलं, जे हाताची बारीकसारीक हालचाल नोंदवतं आणि त्यावरून माणूस गाढ झोपलाय, नुसता पेंगतोय की जागा आहे याचा अंदाज येतो. वीस दिवस हे चाललं. मग सगळ्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या तर २२० हून जास्त तासांच्या त्या नोंदीत सगळेच्या सगळे एकाच वेळी गाढ झोपलेत असे क्षण जमवून जमवून भरले फक्त १८ मिनिटं! म्हणजे ९९.८ टक्के वेळ कुणी ना कुणी जागं होतं किंवा इतकं हलकं झोपलेलं की जरा खुट्ट झालं तर उठेल. रात्रीच्या कुठल्याही घटकेला बघा, साधारण आठ जण तरी सावध.

आणि गंमत म्हणजे कुणालाही पहाऱ्यावर बसवलेलं नव्हतं. आपल्याकडे शेतात जागलीला जायचं म्हणजे पाळी ठरते, आज तू उद्या मी, गावगाड्यात तर जागल्या हे कामच नेमलेलं असायचं. हादझांची जागल न ठरवता होते, कारण माणसांच्या झोपेच्या वेळाच मुळात वेगवेगळ्या आहेत. कुणी रात्री आठलाच लवंडलं ते सहाला उठून बसलं, कुणी अकरा वाजून गेले तरी शेकोटीशी गप्पा मारत होतं ते सकाळी आठनंतर उठलं. मधल्या वेळात कुणी लघवीला उठतं, कुणी बाळाला पाजतं, कुणी लाकूड सरकवतं. सिंह, तरस असलेल्या मुलुखात उघड्यावर झोपायचं तर हे किती उपयोगी आहे ते वेगळं सांगायला नको. कळपातले काही जागे असले की बाकीचे निवांत झोपू शकतात असा तर्क फ्रेडरिक स्नायडर यांनी १९६६ मध्येच मांडला होता, माणसांमध्ये तो असा मोजून दिसला हादझांकडे.

वेळांमधला फरक बराचसा वयाने पडला होता. पन्नाशी-साठीतली माणसं लवकर झोपून लवकर उठणारी, विशी-तिशीतली उशिरा. म्हणून या मंडळींनी आपल्या कल्पनेला नावच दिलं, नीट झोप न लागणाऱ्या आजी-आजोबांचं गृहीतक. म्हातारपणी पहाटे तीन-चारला डोळा उघडतो आणि मग लागतच नाही, ही तक्रार आपल्या घराघरात आहे, त्यावर गोळ्याही चालू असतात. आमची आजी पहाटे चारला उठून भांडी घासायला घ्यायची आणि आम्ही पांघरुणातून ओरडायचो. या गृहीतकानुसार ती आजारी नव्हती, तिची जागलीची पाळी सुरू झालेली होती. अर्थात म्हातारपणची प्रत्येक निद्रानाशाची केस यात बसते असं मुळीच नाही, संधिवात, मधुमेह, प्रोस्टेट यांना हादझांचं उदाहरण देऊन उपयोग नाही.

नैसर्गिक झोप म्हणजे नक्की किती

बल्ब, मोबाईल, अलार्म नसलेला माणूस अंधार पडला की झोपत असेल आणि दहा-दहा तास ढाराढूर असेल असा आपला एक समज. तो २०१५ मध्ये बराच मोडला. जेरोम सीगल यांच्या गटाने टांझानियातले हादझा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने अशा तीन लोकांतल्या ९४ जणांची झोप मोजली, तर प्रत्यक्ष झोप निघाली ५.७ ते ७.१ तास. शहरातल्या माणसाइतकीच, किंवा कमीच. सूर्य मावळल्यावर लगेच कुणी झोपत नव्हतं, सरासरी तीन तासांहून जास्त जागरण व्हायचं. उठायचे मात्र बहुतेकदा उजाडायच्या आधी. झोपेचा संबंध नुसत्या उजेडाशी नाही, गारव्याशीही दिसला, रात्रीचं तापमान उतरत असतं तोवर झोप, ते तळाला पोचलं की जाग. थंडीत झोप जवळपास तासाभराने वाढते. दुपारची डुलकी रोज नसते, उन्हाळ्यात जास्त आणि थंडीत अगदी क्वचित. "लवकर निजे, लवकर उठे" मधला दुसरा भाग तिन्ही ठिकाणी बराचसा लागू पडतो, पहिला भाग शेकोटीपुढे टिकत नाही.

हादझांवरच्या वेगळ्या मोजणीत त्यांची रात्रीची झोप सव्वासहा तासांच्या आसपास आणि चांगलीच तुटक निघाली. एखाद्या शहरी माणसाच्या घड्याळात हे आकडे दिसले तर तो लगेच घाबरून अपॉइंटमेंट घेईल, पण तळावर झोपेबद्दल फारशी कुणाची तक्रारच नव्हती. दोन टप्प्यांत झोपायची पद्धत, म्हणजे पहिली झोप, मग मध्यरात्री तास-दोन तास जागं राहून काही कामं, मग दुसरी झोप, ही जुन्या युरोपात सर्रास होती असं इतिहासकार रॉजर एकर्च यांनी कागदपत्रांवरून मांडलं. १९९०च्या सुमाराला थॉमस वेअर यांनी काही लोकांना महिनाभर रोज १४ तास अंधारात ठेवलं तेव्हा त्यांचीही झोप अशीच दोन तुकड्यांत विभागली गेली. पण सीगल यांच्या गटाला विषुववृत्ताजवळच्या लोकांत अशी ठरावीक दोन टप्प्यांची झोप दिसली नाही. तेव्हा "माणसाची खरी झोप हीच" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा सांभाळून ऐकावं, माणसाच्या झोपेचा खरा गुण तिची लवचीकता हाच असावा असं ही सगळी कामं एकत्र वाचल्यावर वाटतं.

पोर कुणाच्या मांडीवर

आता पोरांकडे. हादझा आई अंगावर पिणारं मूल पाठीशी बांधून कंद खणायला जाते, दूध सुटायचं वय साधारण अडीच वर्षं. दूध सुटलं की मूल तळावरच राहतं, मोठ्या पोरांच्या घोळक्यात, आणि आसपास एखादं मोठं माणूस असतंच. फ्रँक मार्लो आणि क्रिटेंडेन यांनी चार वर्षांपर्यंतच्या मुलांना कोण किती वेळ कडेवर-मांडीवर घेतं हे बसून मोजलं, तर त्यातला साधारण ३१ टक्के वाटा आईशिवाय इतरांचा. बाप, आजी, बहिणी, मावश्या, आणि तळावरची काहीच नातं नसलेली माणसंसुद्धा. आकडा वाचायला लहान वाटतो, पण ज्या बाईने तान्हं मूल एकटीने सांभाळलंय तिला विचारा कडेवर-मांडीवर घेण्याच्या वेळातला तीन-दशांश वेळ हात मोकळे मिळणं म्हणजे काय.

आजीचं काम तर फारच मोठं. क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात हादझांमध्ये राहून बघितलं की पाळी गेलेल्या बायका तरुणींपेक्षा जास्त वेळ कंद खणतात, टणक जमिनीत, टोकदार काठीने, उन्हात. दूध सुटलेल्या मुलाचं वजन आईने किती अन्न गोळा केलं यावर हलतं, पण आईला नवीन बाळ झालं की तिचा जोर कमी पडतो आणि मग त्या मोठ्या मुलाचं वजन आजीच्या कष्टावर हलायला लागतं. मूल जन्माला घालायचं वय संपल्यावरही माणसाची बाई इतकी वर्षं का जगते याचं उत्तर यातूनच पुढे आलं, ते आजी गृहीतक म्हणून ओळखतात. म्हणजे एकाच तळावरून दोन सिद्धांत आले आणि दोन्हीत आजी, दिवसा खणणारी आणि पहाटे जागी असणारी. नातवाच्या जिवाला दोन्हीकडून आधार.

पोरंही नुसती सांभाळून घेत बसत नाहीत. बोरासारखी फळं, गोरखचिंच, लहान पक्षी असं स्वतःचं स्वतः मिळवून खातात, हंगाम चांगला असेल तर पाच-सहा वर्षांचं पोर निम्मं अन्न स्वतः जमवतं असं निरीक्षण आहे. तेही घोळक्यानेच, लहानग्याला मागे ओढत.

हे सगळं वाचून गहिवरून यायच्या आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मार्लो यांच्या आकड्यांनुसार हादझांची २१ टक्के मुलं पहिल्या वर्षातच जातात आणि जवळपास ४६ टक्के पंधरा वर्षांची होईपर्यंत. सगळ्यांनी मिळून मुलं वाढवणं ही तिथे जीवनशैली म्हणून निवडलेली गोष्ट नाही, त्याशिवाय जेवढी जगतात तेवढीही जगली नसती. समाजमाध्यमांवर हादझांची नावं घेऊन पालकांना कोर्स विकणारे लोक हा आकडा कधी सांगत नाहीत.

इतर ठिकाणी

काँगोच्या जंगलातल्या एफे लोकांमध्ये बाळाला इतर बायका अंगावरही पाजतात. मध्य आफ्रिकेतल्याच आका लोकांचे बाप बॅरी ह्यूलेट यांच्या अभ्यासामुळे प्रसिद्ध झाले, दिवसातला ४७ टक्के वेळ बाळ त्यांच्या हातात नाहीतर हाताच्या अंतरावर. सान बायका तान्ह्या मुलांना तासाला कित्येकदा, थोडं थोडं पाजतात हे मेल्व्हिन कॉनर यांनी नोंदवलं, रात्रीही तेच, आणि शेजारी झोपल्याशिवाय हे जमूच शकत नाही. आपल्याकडे बाळंतपणाला माहेरी जाणं, मालिशवाली बाई, रात्री "आण इकडे, तू झोप जरा" म्हणणारी आई हे त्याच जातीचं, फक्त सव्वा महिन्यानंतर फ्लॅटवर परत आलं की ते बहुतेकींच्या बाबतीत एकदम बंद होतं.

याच्या बरोबर उलटा प्रयोग इस्रायलच्या किबुत्झांनी, म्हणजे सगळं सामायिक मानून राहणाऱ्या शेतकरी वसाहतींनी केला. पहिला किबुत्झ देगानिया, १९१०चा. बायकांना घरकामातून सोडवायचं आणि मुलं सगळ्यांची म्हणून वाढवायची, या विचारातून बालगृहं निघाली. एका वयाची मुलं एकत्र, त्यांना सांभाळणारी बाई, जिला मेतापेलेत म्हणतात, आणि आई-बापांची भेट संध्याकाळचे दोन-तीन तास. रात्री मुलं बालगृहातच झोपायची, पहाऱ्याला पाळीपाळीने येणारी बाई, ती एकटी अनेक बालगृहांवर लक्ष ठेवणारी. दिवसाची व्यवस्था चांगली होती, मुलं मोठी होऊन कर्तबगार निघाली. घोळ रात्रीचा होता. अब्राहम सागी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दोन प्रकारच्या किबुत्झांची तुलना केली, दिवसाची व्यवस्था सारखीच, फरक इतकाच की एका ठिकाणी बाळं रात्री घरी झोपायची, दुसऱ्या ठिकाणी बालगृहात. आईशी सुरक्षित नातं जुळलेल्या बाळांचं प्रमाण घरी झोपणाऱ्यांत ८० टक्के, बालगृहात ४८ टक्के. मूल रात्री रडलं तर येणारं माणूस ओळखीचं आणि हाकेच्या अंतरावर हवं, एवढाच त्याचा सरळ अर्थ. तसं पाहिलं तर हादझांकडेही मुलं सगळ्यांची आणि किबुत्झातही सगळ्यांची, पण एका ठिकाणी रात्री आठ जण अर्धे जागे आणि आई कुशीत, दुसरीकडे एक अनोळखी बाई आणि तीही दुसऱ्या इमारतीत असू शकते. आयांनीच शेवटी आग्रह धरला, एकेक किबुत्झ मुलं रात्री घरी न्यायला लागला, १९९१च्या आखाती युद्धात क्षेपणास्त्रं पडायला लागल्यावर उरलेल्यांनीही नेली, आणि नव्वदच्या दशकात ही पद्धत संपली.

सध्या

हादझांची जमीन गुरं चारणाऱ्या आणि शेती करणाऱ्या शेजाऱ्यांनी बरीच व्यापली आहे. २०११ मध्ये सरकारने काही भागावर त्यांचा सामुदायिक हक्क कागदोपत्री मान्य केला, तो टिकवायची धडपड चालू असते. पर्यटक येतात, सकाळची शिकार बघतात, फोटो काढून जातात. मक्याचं पीठ तळावर पोचलंय. आणि बरीच मुलं आता निवासी शाळेत जातात, आपल्याकडच्या आश्रमशाळेसारख्या, तिथे एका वयाची मुलं एका खोलीत ओळीने झोपतात, आणि काही पोरं तिथून पळून चालत चालत तळावर परत येतात.