तीन वर्षांचा घोडा आणि पहिला हर्डल : चेपस्टोला निघण्याआधी वाचा

वेल्समधल्या चेपस्टो रेसकोर्सच्या ऑक्टोबर सहलीची नावनोंदणी सुरू झाली की फोनवर एक प्रश्न हमखास येतो : "ज्युव्हेनाइल हर्डलमध्ये कुठला घोडा?" आमची कंपनी छोटी. सकाळी बसभर मंडळींना रेसकोर्सवर न्यायचं आणि संध्याकाळी सुखरूप परत आणायचं, एवढंच आमचं काम. टिपा विकणं हा आमचा धंदा नाही. पण घोडा बघायचा कसा, हे सांगता येतं. आपल्यापैकी बरेच जण महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर मुरलेले आहेत. सपाट, म्हणजे बिनअडथळ्याच्या शर्यतीबद्दल त्यांना काही सांगायला जाणं म्हणजे आगाऊपणा होईल. हर्डलचं गणित मात्र निराळं आहे.

शर्यत कसली?

ज्युव्हेनाइल हर्डल म्हणजे कोवळ्या घोड्यांची, अडथळ्यांवरून उड्या मारत धावायची शर्यत. ३१ डिसेंबरपर्यंत तीत फक्त तीन वर्षांचे घोडे धावतात. उत्तर गोलार्धातल्या सगळ्या थरोब्रेड घोड्यांचा वाढदिवस कागदोपत्री १ जानेवारीला असतो. त्यामुळे नव्या वर्षात तेच घोडे चार वर्षांचे होतात आणि एप्रिलअखेर हंगाम संपेपर्यंत आपापसांत धावत राहतात. अंतर दोन मैलांच्या आसपास, म्हणजे सुमारे ३,२०० मीटर. आपली इंडियन डर्बी २,४०० मीटरची. तिच्यापुढे आणखी ८०० मीटर धरा आणि वाटेत आठ हर्डल.

हर्डल साडेतीन फुटांचा असतो. लाकडी चौकटीत काटक्या विणून तो जमिनीत ठोकतात आणि धावण्याच्या दिशेने थोडा कलता ठेवतात. खूर लागला तर तो लवतो, त्यामुळे घोडा पडतोच असं नाही, पण लय मोडते. वरची पट्टी पूर्वी नारिंगी असायची. घोड्याला नारिंगी आणि हिरवा यांत फारसा फरक दिसत नाही हे अभ्यासातून पुढे आलं आणि २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ती पांढरी करायला सुरुवात झाली. जुने फोटो बघून आलेल्यांनी गोंधळू नये.

रेटिंग बघा, पण ते कुठे कमावलं तेही बघा

यातले बहुतेक घोडे सपाट शर्यतींतून आलेले असतात आणि रेसकार्डावर (शर्यतींच्या छापील पत्रिकेवर) त्यांचं रेटिंग, म्हणजे कुवतीचा आकडा, छापलेलं असतं. एक अंक म्हणजे एक पौंड वजन. ८५ चा घोडा ६५ च्या घोड्यापेक्षा वीस पौंडांनी सरस, हे कागदावर. नवखा माणूस सगळ्यात मोठा आकडा शोधतो आणि बुकीकडे जातो. आम्ही आधी विचारतो, तो ८५ सात फर्लांगांवर (१,४०० मीटर) मिळाला की दीड मैलावर? १,४०० मीटरच्या वेगवान घोड्याचा दम दोन मैलांच्या शेवटच्या टप्प्यात संपतो. दीड मैलावर हळूहळू पुढे सरकत जाणारा ७० चा घोडा आम्हाला जास्त आवडतो.

बाप कोण, हेही वाचा. २००७ ची एप्सम डर्बी जिंकलेल्या ऑथोराइझ्डची संतती हर्डलवर चमकली; टायगर रोल आणि गोशेन हे दोघे त्याचेच. २०१५ च्या डर्बीचा विजेता गोल्डन हॉर्न हा पोनिरोसचा बाप; हे तिन्ही घोडे पुढे येतीलच. दीड मैलावर कस लागलेल्या बापाची मुलं लांब पल्ल्याला सहसा दगा देत नाहीत.

आणि रेटिंगच नसेल तर? टायगर रोल सपाट शर्यतीत एकदाही न धावता डॉनकास्टरच्या लिलावात १०,००० पौंडांना गेला. नोव्हेंबर २०१३ मध्ये मार्केट रेझनला पहिल्याच ज्युव्हेनाइल हर्डलमध्ये जिंकला. मार्च २०१४ मध्ये चेल्टनहॅमची ट्रायम्फ हर्डल, म्हणजे ज्युव्हेनाइल घोड्यांची सगळ्यात मोठी शर्यत, आणि पुढे २०१८ व २०१९ ची ग्रँड नॅशनल ही लांब पल्ल्याची प्रसिद्ध अडथळ्यांची शर्यत त्याने जिंकली. रेसकार्डावरची कोरी जागा म्हणजे घोडा कुचकामी, असं समजू नका.

ऑक्टोबरचं खरं गणित

हंगामाच्या सुरुवातीला मैदान पातळ असतं, म्हणजे दर्जेदार घोडे कमी असतात, आणि त्याला कारण आहे. सपाट शर्यतींचा मोसम अजून संपलेला नसतो, म्हणून चांगल्या दर्जाचे तीन वर्षांचे घोडे तिकडेच धावत असतात. न्यूमार्केटला टॅटरसॉल्सचा मोठा शरद लिलाव ऑक्टोबरच्या शेवटी होतो. तिथे घोडा विकत घ्यायचा, बहुधा खच्ची करायचा, विश्रांती द्यायची आणि मग उडी शिकवायची. असे घोडे नोव्हेंबरच्या शेवटी, कधी जानेवारीत मैदानात उतरतात. फ्रान्सचे घोडे निराळे. तिकडे तीन वर्षांचे घोडे वसंतातच पॅरिसच्या ओतॉय रेसकोर्सवर हर्डल धावायला लागतात, त्यामुळे फ्रान्सहून आलेला घोडा उडीच्या बाबतीत इतरांपेक्षा बरेच पावसाळे पाहिलेला असतो.

म्हणून ऑक्टोबरमध्ये अनुभवाला जास्त भाव द्या. जुलै-ऑगस्टमध्ये एखादी हर्डल रेस धावून चौथा आलेला घोडा आणि मोठं रेटिंग घेऊन पहिल्यांदाच हर्डल बघणारा घोडा समोर असतील, तर आमचा कल पहिल्याकडे. उन्हाळ्यात एखाद-दुसरी शर्यत जिंकलेल्याबाबत मात्र सावध राहतो. कोरड्या, टणक जमिनीवर सामान्य प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध जिंकलेला असतो, आणि वर विजेता म्हणून जादा वजन घेऊन उतरतो. घोडीला वजनात सात पौंडांची सूट असते. पातळ मैदानात तीन किलोंचा हा फरक फार मोठा. आम्ही रेसकार्डावर घोड्यांच्या आधी घोड्या शोधतो.

ऑक्टोबरच्या विजेत्यावर मार्चच्या ट्रायम्फ हर्डलचे इमले बांधू नका. २०२५ ची ट्रायम्फ जिंकणारा पोनिरोस त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा हर्डलवर धावत होता आणि त्याचा भाव होता एकाला शंभर! असं रोज घडत नाही. पण अख्खा हिवाळा ज्यांचा अभ्यास केला ते सगळे मागे राहिले, हे खरंच.

पॅडॉकमध्ये

शर्यतीआधी घोडे पॅडॉकमध्ये फिरतात तेव्हा कठड्याला टेकून उभे राहा. चाल मोकळी आहे का, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशापुढे पडतो का, ते बघा. मानेवर थोडा घाम चालतो. मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा पांढरा फेस दिसला आणि एका घोड्याला आवरायला दोन मोतद्दार लागत असतील, तर तो आपली निम्मी ताकद तिथेच खर्च करतोय. सपाट शर्यतीत असा तापलेला घोडा कधीकधी निभावून नेतो. दोन मैल आणि आठ उड्यांत लगाम ओढत धावणारा घोडा शेवटच्या दोन हर्डलना रिकामा होतो.

कानांवर टोपडं घातलेलं दिसलं तर ते आवाजाने बुजू नये म्हणून. जीभ बांधलेली असेल किंवा रेसकार्डावर श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेची खूण असेल तर दमाची काहीतरी तक्रार होती असं समजा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या धावेला ही खूण छापणं २०१८ पासून बंधनकारक आहे. ती वाईटच असते असं नाही, कित्येक घोडे त्यानंतर सुधारतात.

उंचीवर जाऊ नका. २००७ ची ट्रायम्फ आणि २००८ ची चॅम्पियन हर्डल (चेल्टनहॅमचीच, हर्डलची सर्वोच्च शर्यत) जिंकणारा कॅचिट ठेंगणाच होता.

उडी

सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते इथे, आणि बहुतेक लोक नेमकं तेव्हाच बारकडे असतात. पहिल्या दोन हर्डलवर प्रत्येक नवशिक्या घोड्याचं काहीतरी चुकतं, ते सोडून द्या. चौथ्या-पाचव्यावर दुर्बीण लावा. चांगला घोडा हर्डलच्या बराच अलीकडून उठतो, जेमतेम वरून जातो आणि जमिनीला पाय लागताच पळायला लागतो. नवखा घोडा उगाच उंच उडतो, हवेत रेंगाळतो आणि उतरल्यावर त्याला पुन्हा वेग धरावा लागतो. तिसरा प्रकार सगळ्यात घातक : अगदी जवळ जाऊन पावलं तोडणारा, मग कसाबसा ओलांडणारा. प्रत्येक वेळी त्याची एक-दोन लांबी (एक लांबी म्हणजे एका घोड्याएवढं अंतर) जाते, आणि आठ हर्डलांत त्याचा हिशेब तुम्हीच करा.

उडी कुठल्या बाजूला जाते तेही टिपून ठेवा. चेपस्टो डाव्या वळणाचं आहे. उजवीकडे सरकत उडणारा घोडा इथे दर हर्डलला जास्त अंतर कापतो. गोशेनचं उदाहरण या बाबतीत सगळ्यांच्या तोंडी असतं. २०२० च्या ट्रायम्फमध्ये शेवटच्या हर्डलपर्यंत तो सगळ्यांना कितीतरी मागे टाकून आला होता. तिथे अडखळला आणि जॉकी खाली. पुढच्या वर्षीच्या चॅम्पियन हर्डलमध्ये डाव्या वळणावर तो इतका उजवीकडे ओढत राहिला की शर्यत तिथेच संपली. ताकद कमी नव्हती. दिशा चुकत होती.

चेपस्टोला चढ-उतार आहेत आणि शेवटचा सरळ भाग सुमारे पाच फर्लांगांचा, लांब. आघाडीवर पळणाऱ्याला तिथे लपायला जागा नाही. हरलेल्यांतला जो शेवटपर्यंत न थकता येतोय त्याचं नाव रेसकार्डावर खुणेने लिहून ठेवा; पुढच्या खेपेला उपयोगी पडेल. ऑक्टोबरमध्ये जमीन बरेचदा ठीकठाक असते. डिसेंबरअखेर वेल्श ग्रँड नॅशनलच्या दिवशी याच कोर्सवर फिनाले ज्युव्हेनाइल हर्डल होते तेव्हा बहुधा चिखल असतो, त्यामुळे इथला निकाल तिथे जसाच्या तसा लावता येत नाही.

याच बैठकीत पर्शियन वॉरच्या नावाची नवोदितांची हर्डलही असते. १९६७ ची ट्रायम्फ आणि मग १९६८ ते १९७० अशी सलग तीन चॅम्पियन हर्डल जिंकणारा हा घोडा. चॅम्पियन हर्डलच्या त्या वर्षांत तो चेपस्टोजवळच्याच तबेल्यात होता. शर्यत चुकवू नका.

पैसे आणि बूट

बसमध्ये कोणीही कोणाचे पैसे एकत्र करून लावणार नाही. ज्याने त्याने आपले लावावेत, आणि हरले तरी चालतील एवढेच. १८ वर्षांखालच्या मुलांना बेटिंग करता येत नाही, त्यांच्या नावाने मोठ्यांनीही करू नये. ज्युव्हेनाइल हर्डलच्या वेळी आमचा माणूस शेवटच्या हर्डलजवळच्या कठड्यापाशी उभा असेल, तिकडे आलात तर उडी जवळून बघता येईल. तिथलं गवत ओलं असतं. साडी किंवा सूट जरूर घाला, पायात मात्र जाड तळव्याचे बूट. एक दुर्बीण आम्ही आणतो, पण ती चाळीस जणांत फिरते, तेव्हा घरी असेल तर आपली घेऊन या.