विमानतळ नियोजनातील लोकसहभाग (मराठवाडा)

विमानतळ कुठे व्हावा, धावपट्टी कोणत्या अंगाने लांबवावी, त्यासाठी कोणाची जमीन जावी, तिचा मोबदला कसा ठरावा, विमाने कोणत्या शहरांना आणि कोणत्या वेळी सुटावीत, अशा निर्णयांत आसपासचे रहिवासी, शेतकरी, प्रवासी आणि व्यावसायिक यांचा जो वाटा असतो, त्याला विमानतळ नियोजनातील लोकसहभाग म्हणतात. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर (चिकलठाणा), नांदेड, लातूर आणि धाराशिव येथे विमानतळ किंवा धावपट्ट्या आहेत. चिकलठाण्याचा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. उरलेल्या तिघांची जडणघडण राज्य सरकारच्या यंत्रणांमार्फत झाली. चौघांचे प्रश्न वेगवेगळे असले, तरी एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते: लोकांना विचारले जाते ते बहुतेक वेळा नकाशावर रेघ ओढून झाल्यावर.

मागणीची परंपरा

मराठवाड्यातला लोकसहभाग मुळात मागणीच्या रूपात वाढला. निजामी राजवटीतून १९४८ मध्ये मुक्त झालेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलेला हा प्रदेश दळणवळणात कायम मागे राहिला. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने रेल्वेच्या रुंदीकरणासाठी आणि अनुशेषासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. निवेदन, शिष्टमंडळ, धरणे, बंद हीच इथल्या सार्वजनिक जीवनाची भाषा झाली. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ मिळाले. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, आणि विभागाचा प्रश्न मांडण्याची एक अधिकृत जागा गेली.

विमानसेवेची मागणीही याच वळणाने पुढे आली. संभाजीनगरात ती लावून धरणारे मुख्यतः उद्योजक आणि पर्यटन व्यावसायिक. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही लेणी १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, शेंद्रा-बिडकीनमध्ये ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहते आहे. मग मुंबई-दिल्लीला जाणारी विमाने मोजकी का, हा त्यांचा रास्त सवाल. ‘सीएमआयए’ आणि ‘मसिआ’ या उद्योजकांच्या संघटना तो सातत्याने मांडत आल्या आहेत. प्राधिकरणाच्या विमानतळांवर स्थानिक खासदारांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती असते, तिथेही हाच विषय येतो.

नांदेडची कथा निराळी. सचखंड हुजूर साहिब या शिखांच्या गुरुद्वारामुळे तिथे देशभरातून भाविक येतात. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या, म्हणजे गुरु ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याच्या, त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने विमानतळाचा कायापालट झाला. २७ एप्रिल २०१७ रोजी लहान शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेचा प्रारंभ झाला, त्या दिवशीच्या पहिल्या काही विमानांत नांदेड-हैदराबाद हे होते. गावात आनंद होता आणि तो साहजिक होता. पण या योजनेत कंपनीला मिळणारा तूटभरपाईचा निधी तीन वर्षांपुरता असतो. चौथ्या वर्षी काय, हा प्रश्न त्या वेळी कुणीतरी जाहीरपणे विचारायला हवा होता. ती सेवा देणारी कंपनी पुढे बंद पडली.

लातूर आणि धाराशिवकरांनी तर ताब्याचाच बदल पाहिला. एमआयडीसीने (राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने) २००९ मध्ये नांदेड, लातूर, धाराशिव, बारामती आणि यवतमाळ हे पाच विमानतळ दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे दिले. सार्वजनिक जागेचा इतका मोठा निर्णय करारनाम्याच्या पातळीवर झाला. आपल्या जिल्ह्याच्या विमानतळाचे पुढे काय होणार यावर सामान्य नागरिकाला हरकत घेता येईल, अशी जागा त्यात नव्हती. नंतर ‘विमानतळ परत घ्या’ ही मागणी जोर धरत गेली, ती या पोकळीतून.

कायद्याने दिलेल्या जागा

बोलण्याची हक्काची जागा मिळते ती मुख्यतः दोन कायद्यांमुळे.

पहिला २०१३ चा भूसंपादन कायदा, १ जानेवारी २०१४ पासून लागू. त्यात जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास, बाधित भागात जनसुनावणी आणि ग्रामपंचायत किंवा महापालिकेशी सल्लामसलत सांगितली आहे. खासगी-सरकारी भागीदारीतल्या प्रकल्पाला ७० टक्के आणि खासगी कंपनीच्या प्रकल्पाला ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. सरकार स्वतःसाठी, स्वतःच्या ताब्यात ठेवण्यासाठी जमीन घेत असेल तर अशी संमती लागत नाही. म्हणून ‘विमानतळ नक्की कोण बांधणार’ हा प्रश्न गावकऱ्याने अगदी पहिल्या दिवशी विचारावा. उत्तरावर त्याचे हक्क ठरतात. प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. अनेक हरकती मुदतीत पोहोचतच नाहीत, कारण अधिसूचना वर्तमानपत्रात आली तेव्हा जमीनमालक पुण्यात कंपनीत कामाला असतो आणि पेपर गावात येतो.

दुसरा आधार पर्यावरण आघात मूल्यांकनाची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना. व्यापारी वापराच्या विमानतळांना तिच्याप्रमाणे केंद्राची पर्यावरण मंजुरी लागते, आणि जिथे जनसुनावणी लागू होते तिथे ती प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो. किमान ३० दिवस आधी जाहिरात द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो, संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण करावे लागते. मात्र सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. दहा माणसे आली तरी ती झाली असे धरले जाते. ग्रामसभेत निदान १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. शेकडो एकरांचा निर्णय असलेल्या सुनावणीला तेवढेही बंधन नाही, ही त्रुटी दुरुस्त व्हायला हवी.

चिकलठाण्याच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. चिकलठाणा, मुकुंदवाडी ही जुनी गावे आता महापालिकेच्या हद्दीत आहेत, त्यामुळे त्यांना ग्रामसभाच नाही. त्यांचा आवाज म्हणजे नगरसेवक; पण महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होता. धावपट्टी लांबवण्यासाठी जमीन घेण्याची चर्चा आणि कार्यवाही ऐन याच काळात पुढे सरकली. मावेजातही, म्हणजे जमिनीच्या मोबदल्यातही, फरक पडतो. भूसंपादन कायद्याच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे ग्रामीण भागात बाजारभावाला १ ते २ पर्यंतचा गुणक लागतो, शहरी भागात तो १ असतो. तीच काळी माती, तोच कापूस. हद्दीची रेघ सरकली की हिशेब बदलतो.

मोजणीचा दिवस

सुनावणीपेक्षा खरा सहभाग घडतो तो संयुक्त मोजणीच्या दिवशी. भूमी अभिलेखचा मोजणीदार यंत्र घेऊन येतो, बरोबर तलाठी, भूसंपादन कार्यालयाचा माणूस, कृषी आणि बांधकाम खात्याचे कर्मचारी. चुन्याच्या खुणा पडतात. झाडे मोजली जातात, विहीर, पाइपलाइन, गोठा, शेततळे यांची नोंद होते. पंचनाम्यावर मालकाची सही घेतली जाते. मावेजाचा पुढचा सगळा हिशेब या कागदावर उभा असतो.

या भागात मोसंबीच्या बागा पुष्कळ. बाग आठ वर्षांची आहे की चार वर्षांची, यावर झाडाची किंमत ठरते. आता शेतात डोळ्यांसमोर दोनशे झाडे उभी आहेत, पण सातबाऱ्यावर पीकपाहणीत ‘कापूस’ लिहिले आहे किंवा जमीन ‘पड’ दाखवली आहे, असे नेहमी घडते. विहीर आजोबांनी पाडलेली, नोंद कुठेच नाही. काही गुंठे ‘पोटखराबा’ (लागवडीस अयोग्य) म्हणून नोंदलेले, पण प्रत्यक्षात तिथे ज्वारी डोलत असते. भावाभावांत वाटणी तोंडी झालेली, बांध घातलेला, फेरफार मात्र केलेला नाही. हे सगळे घोळ त्या एका सकाळी उघडे पडतात, आणि मोजणीदाराला संध्याकाळपर्यंत पुढचा गट उरकायचा असतो.

म्हणून ज्या गावांनी आधी बसून काम केले, त्यांचा फायदा झाला. एखाद्या शिक्षकाने किंवा निवृत्त तलाठ्याने गावातल्या तरुणांना घेऊन प्रत्येक गटाची यादी केली: सातबारा, फेरफार, झाडांची संख्या आणि वय, विहिरीची खोली, वीजजोडणीचे बिल. बागेचे फोटो काढून ठेवले. अशा गावात मोजणीच्या दिवशी भांडण होत नाही, कागद पुढे केला जातो. पाटीवरच्या घोषणेपेक्षा या यादीत जास्त ताकद असते. लोकसहभागाचे सगळ्यांत उपयोगी रूप कोणते, असे विचारले तर हेच सांगावे लागेल.

बीड रोडवरचा ट्रक

२६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ उड्डाण घेताना धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रोडवरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले. पुढे ते उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांना लागून कोसळले. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ जण गेले. चौकशीत दोन कारणे नोंदवली गेली: वैमानिकांनी विमान उचलताना केलेली चूक, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात तत्कालीन विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश.

वैमानिकाच्या चुकीचा निवाडा तज्ज्ञांनीच करावा. रस्त्याचे तसे नाही. धावपट्टीच्या तोंडावरून रोज गाठींचे ट्रक, उसाच्या गाड्या, एसटी जाते, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते. डोक्यावरून विमान जाताना मान आपोआप खाली जायची. हे ज्ञान विमानतळाच्या आराखड्यापर्यंत पोहोचवण्याची कुठलीही वाट नव्हती. धावपट्टी लांबवण्याचा आजचा विचार मोठ्या विमानांसाठी आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी मांडला जातो. त्याच्या सुनावणीत रस्ते कुठून वळणार, गावांच्या शिवारवाटा कुठे तुटणार, शाळेला जाणारी पोरे कुठून ओलांडणार, हे विषय पहिल्या पानावर असायला हवेत.

उंची आणि कचरा

विमानतळाची सावली त्याच्या कुंपणापलीकडे बरीच लांब पडते. २०१५ च्या उंचीनिर्बंध नियमांनुसार विमानतळापासून २० किलोमीटरच्या परिघात इमारतींच्या उंचीवर नियंत्रण आहे. त्यासाठी रंगीत क्षेत्रनकाशे तयार केलेले असतात. घर बांधणाऱ्याला हा नकाशा बहुधा परवानगी अडल्यावर पहिल्यांदा दिसतो.

कचऱ्याचा प्रश्न याहून जवळचा. विमान नियमांनी विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकण्यास आणि जनावरे कापण्यास मनाई केली आहे, कारण त्यावर घारी-गिधाडे जमतात आणि विमानाला धोका होतो. चिकलठाण्यापासून जवळच नारेगावला मात्र शहराचा कचरा दशकानुदशके पडत राहिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये आसपासच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तिथे कचरा टाकण्यास मनाई केली, आणि शहर कित्येक महिने कचऱ्यात अडकले. दुर्गंधीने आणि खराब पाण्याने त्रासलेले गावकरी आणि पक्ष्यांची चिंता करणारे विमानतळाचे अधिकारी एकच गोष्ट मागत होते. दोघे एका टेबलावर बसले असते, तर हा डेपो फार आधी हलला असता असे मानायला जागा आहे.

इतरत्र काय झाले

जपानमधील नारिता विमानतळाची जागा १९६६ मध्ये शेतकऱ्यांना न विचारता ठरली. त्यानंतरच्या संघर्षात माणसे मेली, आणि १९७८ मध्ये विमानतळ सुरू झाल्यावरही तो थांबला नाही. १९९० च्या दशकात सरकार आणि शेतकरी गोलमेज चर्चेला बसले, पुढे सरकारने माफी मागितली. केरळात १९९९ मध्ये सुरू झालेल्या कोची विमानतळात परदेशस्थ मल्याळी लोकांचे भागभांडवल आहे, आणि विस्थापित कुटुंबांना पर्यायी जागा व टॅक्सीचे परवाने देण्यात आले. आपल्याकडे नवी मुंबई विमानतळाच्या बाधितांना २२.५ टक्के विकसित जमीन देण्याची योजना आली. तिच्यामागे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये जासईला झालेला लढा आणि त्यातून मिळालेली साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची परंपरा होती.

सातबाऱ्यावर नसलेले

सुनावणीच्या मंडपात पुढच्या खुर्च्यांवर जमीनमालक बसतात. पण धावपट्टीखाली जाणाऱ्या जमिनीवर जगणारे त्याहून जास्त असतात. सालगडी असतो, बटईने जमीन कसणारा असतो, कापूस वेचणाऱ्या बाया असतात, बांधावर शेळ्या चारणारी म्हातारी असते. भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबाच्या व्याख्येत शेतमजूर, कूळ आणि बटईदार यांना घेतले आहे. संपादनाआधी तीन वर्षे त्या जमिनीवर त्यांची मुख्य उपजीविका असली पाहिजे, एवढी अट आहे. ती सिद्ध कशी करायची? साल ठरते पाडव्याला, तोंडी. बटईचा कागद मालक करत नाही, कारण कसणारा उद्या कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल, ही त्याला भीती.

शहराच्या कडेला आणखी एक वर्ग आहे, गुंठेवारीतला. मुकुंदवाडीच्या बाजूला एमआयडीसीत राबणाऱ्या कामगारांनी नोंदणी न करता नुसत्या बाँडपेपरवर एकेक गुंठा घेतला, वर पत्रे टाकले, मग स्लॅब. २००१ चा गुंठेवारी कायदा झाला तरी अनेकांचे प्लॉट नियमित झालेले नाहीत. सातबारा अजून मूळ मालकाच्याच नावावर, आणि नोटीस येते ती त्याच्याच पत्त्यावर. वीजबिल, घरपट्टीची पावती, पोरांच्या शाळेचा दाखला एवढेच यांच्याकडे असते, आणि सुनावणीला येताना ते सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतात.