बुना

बुना : इथिओपिया व एरिट्रियातील घरगुती कॉफीपानाचा विधी. अम्हारिक भाषेत कॉफीचे झाड, दाणा आणि पेय या तिन्हींना 'बुना' म्हणतात.

'कॉफी' हे नाव नैर्ऋत्य इथिओपियातील काफा प्रदेशावरून पडले, असे मत पुष्कळांनी मांडले आहे. मात्र खुद्द काफात या झाडाला 'बुनो' म्हणतात. त्यामुळे मद्यवाचक अरबी 'कहवा' शब्द तुर्कीमार्गे युरोपात गेला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अरबी 'बुन्न' आणि 'बुना' यांतील मूळ कोणते, याविषयी एकमत नाही. मराठीतला जुना 'बुंददाणा' याच कुळातला दिसतो.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये कॉफीच्या झाडाला 'अरेबिका' (अरबस्तानातले) म्हटले, तरी त्याचे रानटी वाण नैर्ऋत्य इथिओपियाच्या जंगलांत आहेत. फळे खाऊन उड्या मारणाऱ्या शेळ्यांमुळे कॉफीचा गुण ओळखणाऱ्या काल्दी या शेळ्या राखणाऱ्याची कथा नवव्या शतकातली म्हणून सांगतात. पण तिचे लेखी रूप १६७१ मध्ये रोम येथे छापलेल्या नाइरोन या विद्वानाच्या लॅटिन पुस्तिकेत येते, आणि तिथे गुराखी निनावी आहे. कॉफी पेय म्हणून घेतल्याचे भरवशाचे जुने दाखले पंधराव्या शतकातील येमेनच्या सूफींचे आहेत. इथिओपियात ओरोमो लोक भाजलेली कॉफी लोण्यात मळून तिचे गोळे प्रवासात शिदोरी म्हणून नेत, असे स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूसने १७९० मध्ये नोंदवले. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती चर्चने मुसलमानी पेय म्हणून कॉफी दीर्घकाळ दूर ठेवली. सम्राट दुसऱ्या मेनेलिकच्या काळात (१८८९–१९१३) हा विरोध बराच मावळला. त्यामुळे ख्रिस्ती घरांतील आजचा विधी फार प्राचीन मानणे कठीण जाते. विधीत कॉफी तीन फेऱ्यांत देतात; त्यांची अबोल, तोना व बेरेका ही नावेही अरबीवरून (अव्वल म्हणजे पहिला, सानी म्हणजे दुसरा, बरकत म्हणजे आशीर्वाद) आली असावीत.

जमिनीवर ताजे गवत पसरून धूप लावतात. घरातील स्त्री धुतलेले हिरवे दाणे तव्यावर भाजते. दाणे काळपट होऊन तेल सुटले, की ती धुरकट तवा प्रत्येक पाहुण्यासमोर फिरवते. पाहुणा ओंजळीने तो धूर स्वतःकडे ओढून घेतो. मग दाणे उखळीत कुटून जेबेना या उंच मानेच्या मातीच्या भांड्यात उकळतात आणि बिनकानाच्या लहान पेल्यांत उंचावरून धार धरतात. सोबत भाजलेले जव किंवा लाह्या असतात. पहिली अबोल सर्वांत कडक. पुढे त्याच चोथ्यावर पाणी घालत जातात. बेरेका म्हणजे आशीर्वाद, म्हणून त्याआधी उठणे अशिष्ट समजतात.

गावाकडे रात्री दार ठोठावणारा वाटसरू 'देवाचा पाहुणा' ठरतो. त्याला टेफ या बारीक दाण्याच्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाची इंजेरा (आंबोळीच्या जातीची, पण बरीच मोठी) व वर वाढलेले कालवण देतात. सारे एकाच ताटात जेवतात. बुधवारी व शुक्रवारी, उपवासामुळे, कालवण डाळीचे वा भाजीचे असते. यजमान पहिला घास स्वतःच्या हाताने पाहुण्याला भरवतो. या घासाला 'गुर्शा' म्हणतात.