अंग आंबलंय की स्नायू फाटलाय? टेनिसनंतरची दोन दुखणी

बऱ्याच दिवसांनी टेनिस खेळलं की अंग दुखतं, हे सगळ्यांना माहितीये आणि घोळ नेमका इथेच होतो, कारण "खेळल्यावर दुखणारच" असं म्हणून आपण दोन पूर्ण वेगळी दुखणी एकाच खात्यात टाकतो. एक म्हणजे अंग आंबणं. दुसरं म्हणजे स्नायू ताणला जाणं, म्हणजे त्यातले काही धागे खरोखर तुटणं. पहिल्यात थोडं हिंडलं-फिरलं की बरं वाटतं, दुसऱ्यात तेच हिंडणं आणि वर मालिश केलं तर दुखापत वाढू शकते.

मी हे चुकीचं करून बसले होते म्हणून इतक्या कळकळीने लिहितेय. आठ महिन्यांच्या गॅपनंतर डबल्स खेळत होते, समोरून ड्रॉप शॉट, म्हणजे नेटपाशीच हळू टाकलेला बॉल आला, मी बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून सुटले आणि मागचा पाय सरळ ताठ असताना जोर लावला तेवढ्यात पोटरीवर मागून कुणीतरी बॉल मारल्यासारखं वाटलं. वळून बघितलं तर मागे कुणीच नव्हतं. लंगडत लंगडत सेट संपवला, रात्री पाय आंबलाय असं समजून पोटरी चांगली जोरात चोळून घेतली. तिसऱ्या दिवशी घोट्यापाशी काळंनिळं पडलं. घोट्याला तर काही लागलंच नव्हतं! वर पोटरीत झालेला रक्तस्राव हळूहळू खाली उतरला होता. डॉक्टर म्हणाले पोटरीच्या आतल्या बाजूचा स्नायू फाटलाय, याला टेनिस लेगच म्हणतात. 1883 मध्येच "लॉन टेनिस लेग" या नावाने याबद्दल लिहिलं गेलंय, आणि साधारण चाळिशी ते साठीच्या खेळाडूंमध्ये हे जास्त दिसतं.

आता फरक कसा ओळखायचा, तर सगळ्यात आधी घड्याळ बघा. आंबणं उशिरा येतं. खेळून घरी येईपर्यंत मस्त वाटतं, बारा ते चोवीस तासांनी अंग कुरकुरायला लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं आणि पाच-सात दिवसांत आपोआप जातं. स्नायू फाटतो तो मात्र खेळतानाच, आणि बहुतेकांना तो क्षण सांगता येतो, की अमुक सर्व्हिसला चमक आली, तमुक बॉलला पाय टाकला आणि कट्कन झालं.

मग बोट ठेवून बघा. आंबलेलं दुखणं पसरलेलं असतं, पूर्ण मांडी, पूर्ण खांदा, आणि पायांचं असेल तर बहुतेक वेळा दोन्ही पायांना. कुठे दुखतंय विचारलं तर माणूस अख्खा तळहात फिरवतो. फाटलेल्या स्नायूत एका बोटाने जागा दाखवता येते, तिथे दाबलं की जीव जातो, कधी सूज, कधी खड्डा पडल्यासारखं लागतं. सर्व्हिस करताना पोटाचा स्नायू ताणला गेला तर तो बहुतेक वेळा विरुद्ध बाजूचा असतो, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या पोटाची डावी बाजू.

तिसरं म्हणजे ताकद. एका पायावर उभं राहून टाच उचलून बघा. पाय आंबला असेल तर दुखेल पण टाच उचलली जाईल. पोटरी फाटली असेल तर एकतर उचललीच जात नाही किंवा अर्ध्यावर सुटते. संशय असेल तर ही टेस्ट जबरदस्तीने करू नका एवढंच.

आंबणं हा शब्द मला फार आवडतो पण त्यानेच थोडी दिशाभूल होते, आंबट म्हणजे अ‍ॅसिड, म्हणून लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं असं सगळे म्हणतात. ते खेळ थांबल्यावर साधारण तासाभरात निघून जातं, मग दोन दिवसांनी दुखतं ते त्याच्यामुळे कसं असेल? खरं कारण म्हणजे स्नायू लांब होत असताना लावलेला ब्रेक. पळत येऊन थांबताना मांडी ब्रेक लावते, सर्व्हिसनंतर सुसाट गेलेला हात खांद्याचे मागचे स्नायू आवरतात, त्यात धाग्यांना बारीक बारीक इजा होते आणि शरीर ती दुरुस्त करायला घेतं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त हाल होतात, कारण उतरणं म्हणजे पुन्हा ब्रेकच.

उपाय यावरूनच ठरतात. आंबलं असेल तर हलकं चाला, सायकल चालवा, शेक घ्या, हलकं मालिश चालतं, नीट झोपा. खेळाआधी-नंतर स्ट्रेचिंग करून हे दुखणं टळतं असं वाटतं पण त्याचा फरक अगदीच किरकोळ पडतो. चांगली गोष्ट अशी की एक-दोन आठवड्यांत पुन्हा तेवढंच खेळलात तर बरंच कमी दुखतं, स्नायू शिकतो. फाटलं असेल तर त्या क्षणी खेळ थांबवा, क्रेप बँडेज बांधा, पाय उंचावर ठेवा, दुखण्यापुरता बर्फ लावा, आणि पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, चोळणं नाही, ताणून बघणं नाही. साधा ताण एक ते तीन आठवड्यांत बरा होतो, जास्त फाटलं तर महिना-दोन महिने किंवा आणखी.

काही वेळा मात्र घरी अंदाज लावत बसू नका. टाचेच्या वरचा जाड स्नायूबंध, म्हणजे अकिलिस, तुटला तरी मागून लाथ बसल्यासारखंच वाटतं आणि चवड्यावर उभं राहता येत नाही. एकाच पोटरीला सूज आहे, ती गरम आणि लाल झालीय, पण खेळताना काही झाल्याचं आठवत नाही, तर रक्ताची गुठळी असू शकते. आणि खूप खेळल्यावर लघवी कोलासारखी गडद झाली तर स्नायू मोठ्या प्रमाणात तुटून किडनीवर ताण येत असू शकतो, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मला कोर्टवर परतायला सात आठवडे लागले. फिजिओने अट घातली होती, चांगल्या पायावर जितक्या वेळा टाच उचलता येते तितक्याच वेळा दुखऱ्या पायावर उचलून दाखवायची, मगच रॅकेट. पहिल्या आठवड्यात एकदाही जमली नव्हती, सातव्यात बावीस झाल्या.