ट्रॅक्टरचं तोंड, स्पोर्ट्स कारचं शेपूट

गळीत हंगामात आष्ट्याकडे जाताना हे कधी ना कधी दिसतंच: उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या, थोडासा चढ आणि ट्रॅक्टरनं उचललेलं तोंड. पुढची चाकं अधांतरी, स्टेअरिंग नुसतं फिरतंय. ड्रायव्हर मात्र निवांत. डाव्या-उजव्या चाकांचे वेगळे ब्रेक दाबत तो दिशा धरून ठेवतो. स्पोर्ट्स कारमध्ये ताकद वाढवली की काय होतं, त्याचा पहिला धडा इथंच मिळतो.

गाडीला वळणावर धरून ठेवतात ते टायर. 20 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 45 किलोमीटर वेग असेल, तर गाडीच्या वजनाच्या सुमारे 80 टक्के इतकं बल तिला आतल्या बाजूला खेचायला लागतं. या गणितात हॉर्सपॉवर कुठेच नाही. टायर आणि बाकी गाडी तीच असेल, तर 150 हॉर्सपॉवर काय नि 500 काय, वळणावरची वेगाची हद्द तीच. (इंजिन मोठं आणि जड असेल तर उलट तोटाच!)

फरक पडतो तो उजव्या पायाखाली. टायरची पकड 10 धरा. वळण्यात 8 खर्च झाली, तर पुढे ढकलायला 2 नाही, 6 उरते. दोन्ही बलं एकमेकांना काटकोनात, म्हणून इथे पायथागोरस लागतो. कमी ताकदीच्या गाडीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ही 6 सहसा संपत नाही. 500 हॉर्सपॉवरच्या गाडीत पाय जरा जड पडला की संपली. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर शेपूट बाहेर जातं. पुढच्या चाकांवरची असेल तर वळणं आणि ओढणं दोन्ही कामं त्याच दोन टायरांवर, मग ती नाकासमोर सरळ निघते.

त्यात वेग वाढवताना भार मागे सरकतो, पुढची चाकं हलकी होतात. ट्रॅक्टरचंच दुखणं, फक्त सौम्य.

1975 च्या पोर्श 911 टर्बोत 260 हॉर्सपॉवर होती आणि इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. टर्बोची (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची) ताकद उशिरा, एकदम यायची, तीही अनेकदा ऐन वळणात. घाबरून पाय काढला तर भार पुढे जाऊन मागची पकड आणखी सुटायची. म्हणजे दाबला तरी पंचाईत, सोडला तरी पंचाईत.

आजच्या गाड्यांत हे काम संगणक बघतो. गाडी घसरू लागली की तो इंजिनाची ताकद कमी करतो आणि नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावून तिला रेषेवर आणतो. उसाच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर हेच पायानं करतो.