जपानच्या विद्यापीठ रुग्णालयात दाखवायचं असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि क्रम

तोक्यो, योकोहामा, ओसाका इथल्या मराठी घरांतून एक प्रश्न वारंवार येतो: "दुखणं गंभीर वाटतंय, थेट विद्यापीठाच्या हॉस्पिटलात जाऊ का?" तातडीची अवस्था नसेल तर जाऊ नका. आधी घराजवळच्या क्लिनिकमध्ये दाखवा आणि तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. आपल्याकडे केईएमच्या किंवा ससूनच्या ओपीडीत सकाळी केसपेपर काढून कोणीही रांगेत उभं राहू शकतं. जपानमध्ये विद्यापीठ रुग्णालयाची वाट गल्लीतल्या क्लिनिकमधून जाते, आणि ही वाट कायद्यानेच आखलेली आहे.

१९९२ साली वैद्यकीय सेवा कायद्यात दुरुस्ती झाली आणि पुढच्या वर्षीपासून प्रगत उपचार, नव्या उपचारपद्धतींचा विकास आणि प्रशिक्षण यांसाठी रुग्णालयांचा वेगळा वर्ग अस्तित्वात आला. या वर्गात मुख्यतः विद्यापीठांची रुग्णालयं आहेत. मान्यता आरोग्यमंत्री देतात. त्यासाठी किमान ४०० खाटा लागतात आणि डॉक्टरांची संख्या साध्या रुग्णालयाच्या दुप्पट लागते. शिवाय चिठ्ठी घेऊन येणाऱ्या रुग्णांचं प्रमाण किमान ५० टक्के आणि उपचारानंतर स्थानिक डॉक्टरांकडे परत पाठवलेल्यांचं किमान ४० टक्के असावं लागतं. म्हणजे तुम्हाला क्लिनिककडे परत पाठवतात तेव्हा ती टाळाटाळ नसते, रुग्णालयाला ते करावंच लागतं. आणि ते योग्यच आहे असं मला मनापासून वाटतं. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९७ साली आला. त्यानंतरचं पहिलं हृदय प्रत्यारोपण फेब्रुवारी १९९९ मध्ये ओसाका विद्यापीठाच्या रुग्णालयात झालं. अशी कामं ज्यांनी करायची, त्यांचा दिवस सर्दी-तापात जाऊ नये.

विमा आधी

तीन महिन्यांहून जास्त काळ राहण्याचा व्हिसा असेल तर सार्वजनिक आरोग्य विमा घ्यावाच लागतो. नोकरदारांचा कंपनीकडून असतो, बाकीच्यांचा महापालिकेकडून किंवा वॉर्ड कार्यालयातून. बहुतेकांना बिलाच्या ३० टक्के भरावे लागतात, शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांसाठी २० टक्के. जुनी विमाकार्डं २ डिसेंबर २०२४ पासून नव्याने देणं बंद झालं आहे. आता मायनंबर कार्ड (सरकारी ओळखक्रमांकाचं कार्ड) विम्याशी जोडून घ्यायचं, नाहीतर विमा संस्थेकडून मिळणारं पात्रता प्रमाणपत्र जवळ ठेवायचं.

भारतात राहणाऱ्या आईवडिलांना कंपनीच्या विम्यात अवलंबित म्हणून घालता येईल का, हेही बरेच जण विचारतात. एप्रिल २०२० पासून अवलंबितांनी जपानमध्येच राहत असणं ही सर्वसाधारण अट आहे. थोड्या दिवसांसाठी भेटीला आलेले आईवडील त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी प्रवासी विमा काढल्याशिवाय तिकीट काढू नका, ही कळकळीची विनंती. विमा नसलेल्या परदेशी रुग्णाचा दर रुग्णालय स्वतः ठरवतं आणि तो विम्याच्या दराच्या दुपटी-तिपटीवर जाऊ शकतो.

चिठ्ठी

जपानीत तिला 'शोकाइजो' म्हणतात. क्लिनिकचे डॉक्टर लक्षणं, तपासण्या, चालू औषधं आणि पाठवण्याचं कारण लिहून ती बंद पाकिटात देतात. पाकिटावर रुग्णालयाचं आणि विभागाचं नाव असतं. कुतूहल वाटलं तरी पाकीट फोडू नका, ते तसंच काउंटरवर द्यायचं असतं. एक्सरे किंवा एमआरआय झाला असेल तर त्याची सीडी सोबत मागून घ्या. चिठ्ठीचा विम्यातला दर २५०० येन आहे, त्यातले तुमच्या खिशातून ७५० जातात.

चिठ्ठी न घेता गेलात तर ऑक्टोबर २०२२ पासून पहिल्या भेटीला किमान ७००० येन जादा लागतात, दातांसाठी किमान ५०००. ही रक्कम विम्यात येत नाही, वर कर लागतो आणि काही रुग्णालयं याहून जास्त घेतात. प्रकृती स्थिर झाल्यावर क्लिनिककडे पाठवलेलं असताना स्वतःहून पुन्हा गेलात तर दर वेळी किमान ३००० येन. तातडीचे रुग्ण आणि सरकारी मदतीखाली उपचार घेणारे दुर्धर आजाराचे रुग्ण यांना यातून सूट आहे. मुलांच्या मोफत उपचारांचं पालिकेचं कार्ड मात्र इथे उपयोगी पडत नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावं. आणि पैसे भरायची तयारी असली तरी अनेक विभाग चिठ्ठी आणि अपॉइंटमेंटशिवाय बघतच नाहीत. अपॉइंटमेंट बहुधा क्लिनिकच फॅक्स करून घेऊन देतं, तशी विनंती तिथेच करा.

खरोखर तातडी असेल तर हे सगळं बाजूला ठेवून ११९ ला फोन करा. रुग्णवाहिका बोलवावी की नाही अशी शंका असेल तर तोक्योत #७११९ वर विचारता येतं.

पहिल्या दिवशी

सोबत न्यायचं: मायनंबर कार्ड, रेसिडेन्स कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र), चिठ्ठी, सीडी, औषधांची वही (घेतलेल्या औषधांची नोंद असते ती). नवीन रुग्णाच्या काउंटरवर फॉर्म भरला की रुग्ण क्रमांक असलेलं प्लॅस्टिकचं कार्ड मिळतं, पुढच्या प्रत्येक भेटीला तेच लागतं. आपल्या नावांची इथे हमखास गडबड होते. पासपोर्टवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं तिन्ही असतं, आणि रुग्णालयाच्या संगणकात ते कातकाना या जपानी लिपीत जातं. विम्याच्या नोंदीत जसं लिहिलंय तसंच, त्याच क्रमाने लिहा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी काउंटरवर खोळंबा होतो.

प्रश्नावलीत अ‍ॅलर्जी, आधीच्या शस्त्रक्रिया, घरातले आजार विचारतात. हे आदल्या दिवशीच कुणाकडून तरी जपानीत लिहून घ्या. दुभाषाची सोय आहे का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. तपासणीच्या वेळी विद्यार्थी हजर असू शकतात, कारण हे शिकवण्याचं रुग्णालय आहे. तुम्हाला नको असेल तर तसं सांगता येतं, त्यामुळे उपचारांत फरक पडत नाही. प्रिस्क्रिप्शन मिळाल्याचा दिवस धरून चार दिवसांत औषधं घ्यावी लागतात, नंतर ते बाद होतं.

दाखल व्हायचं असेल तर हमीदार, म्हणजे बिलाची हमी घेणारी व्यक्ती, विचारला जातो. ओळखीचं कोणी नसेल तर घाबरू नका. फक्त हमीदार नाही म्हणून दाखल करून घेणं नाकारू नये, असं आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये कळवलेलं आहे. तुम्ही खिशातून भरायच्या खर्चाला उत्पन्नानुसार मासिक कमाल मर्यादा असते. विम्याशी जोडलेल्या मायनंबर कार्डावर ती बिलातच लागू होते, वेगळा दाखला लागत नाही. हा हिशोब १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचा असतो. शस्त्रक्रियेची तारीख निवडता येत असेल तर ती महिन्याच्या सुरुवातीची मागा, म्हणजे रुग्णालयातला एकच मुक्काम दोन महिन्यांत विभागला जाऊन दोनदा मर्यादेपर्यंत पैसे भरावे लागणार नाहीत. जेवण आणि स्वतंत्र खोलीचं भाडं या मर्यादेबाहेर.

भारतातून उपचारासाठी यायचं असेल तर

यासाठी जानेवारी २०११ पासून वैद्यकीय व्हिसा आहे. सुरुवात जपान सरकारकडे नोंदलेल्या हमीदार संस्थेपासून होते. परराष्ट्र मंत्रालय त्यांची यादी ठेवतं. इंग्रजी रिपोर्ट आणि स्कॅन त्या संस्थेला पाठवायचे. ती रुग्णालयाशी बोलून अंदाजपत्रक कळवते. रुग्णालयाने होकार दिल्यावर उपचारांचं प्रमाणपत्र आणि संस्थेचं हमीपत्र मिळतं. ही दोन्ही, पासपोर्ट, अर्ज, फोटो आणि खर्च पेलण्याचा पुरावा म्हणून बँकेची कागदपत्रं जोडायची. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात.

मुक्काम ९० दिवसांहून जास्त असणार असेल तर रुग्णालयात दाखल होणं बंधनकारक आहे, आणि जपानच्या इमिग्रेशनकडून वास्तव्याच्या पात्रतेचं प्रमाणपत्र (विम्याचं नव्हे) आधी आणावं लागतं. तो अर्ज रुग्णालयाचे कर्मचारी करू शकतात किंवा जपानमध्ये राहणारे तुमचे नातेवाईक. या व्हिसावर सार्वजनिक विमा मिळत नाही, सगळा खर्च स्वतःचा. सोबत येणाऱ्या व्यक्तीलाही गरजेप्रमाणे हाच व्हिसा मिळतो, ती नात्यातलीच असली पाहिजे असं नाही. फक्त तिला जपानमध्ये पगारी काम करता येत नाही.